गव्हर्नर, कायदेमंडळ आणि बरखास्तीचा अधिकार: साताऱ्याच्या अभ्यासिकेत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यातल्या एका अभ्यासिकेत मी रविवारी राज्यघटनेचा तास घेतो. सांगली-इस्लामपूरकडूनही मुलं येतात. १९३५ च्या भारत सरकार कायद्यावर (इंग्रजांनी हिंदुस्थानच्या कारभारासाठी केलेल्या कायद्यावर) आलो की दरवर्षी तेच प्रश्न नव्या तोंडांनी विचारले जातात. फळ्यावर पुन:पुन्हा लिहिण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून हे पान. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. काही प्रश्न एका ओळीत मिटतात, काहींना साताऱ्याचा सगळा इतिहास आडवा येतो.

तहकूब, संस्थगित, विसर्जित, बरखास्त हे सगळं एकच ना?

नाही, आणि निम्मा गोंधळ इथेच होतो. सभागृहात आरडाओरडा झाला, अध्यक्षांनी कामकाज तासाभरासाठी किंवा उद्यापर्यंत थांबवलं, ही तहकुबी. अख्खं अधिवेशन संपवलं की ते संस्थगित झालं, म्हणजे सत्रसमाप्ती. सभागृह जिवंतच असतं, सभासद सभासदच राहतात, फक्त पुढचं बोलावणं येईपर्यंत घरी बसतात. विसर्जनात सभागृहच संपतं. सगळे सभासद त्या क्षणी माजी होतात आणि पुन्हा मतदाराच्या दारात जाण्यावाचून गत्यंतर नसतं.

'बरखास्त' हा शब्द मात्र आपण फार सैल वापरतो. सभागृह विसर्जित झालं तरी बरखास्त, मंत्रिमंडळाला घरी पाठवलं तरी बरखास्त. सरकार जाऊनही विधानसभा टिकू शकते. तेव्हा जुनी बातमी वाचताना 'नक्की कोण बरखास्त?' हे आधी बघा.

हा अधिकार गव्हर्नरकडे आला कुठून?

मुळात तो इंग्लंडच्या राजाचा. पार्लमेंट बोलावायचं राजाने, संपवायचंही राजानेच. पुढे तिकडे राजाचे दात पडत गेले आणि प्रधानमंत्र्याने सांगावं, राजाने सही करावी अशी वहिवाट पडली. वसाहतींत मात्र राजाचा माणूस म्हणून गेलेल्या गव्हर्नरकडे हा अधिकार जुन्याच दातांसह गेला. त्याला सल्ला देणारं, लोकांना जबाबदार असलेलं मंत्रिमंडळ तिथे बराच काळ नव्हतंच. गव्हर्नर उत्तर द्यायचा तो लंडनला.

सगळ्यात गाजलेली उदाहरणं कोणती?

अमेरिकेतली. १७६८ साली मॅसॅच्युसेट्सच्या सभागृहाने इतर वसाहतींना एक परिपत्रक पाठवलं: पार्लमेंट आपल्यावर बसवतंय ते कर आपल्या हक्कांवर घाला आहेत. लंडनहून हुकूम आला, परिपत्रक मागे घ्या. सभागृहाने मतदान घेतलं. मागे घेण्याच्या विरोधात ९२, बाजूने १७. गव्हर्नर फ्रान्सिस बर्नार्डने सभागृह विसर्जित केलं.

व्हर्जिनियात तर याची सवयच लागली होती. तिथलं सभागृह १७६९ मध्ये लॉर्ड बॉटेटॉर्टने आणि १७७४ मध्ये लॉर्ड डनमोरने विसर्जित केलं. दुसऱ्या वेळचं कारण ऐकण्यासारखं आहे. इंग्रजांनी बोस्टनचं बंदर बंद करायचं ठरवलं, म्हणून व्हर्जिनियाच्या सभासदांनी उपवास आणि प्रार्थनेचा एक दिवस पाळायचा ठराव केला होता. उपवासावर बरखास्ती! सभासद उठले, जवळच्या रॅले नावाच्या खाणावळीत जमले आणि तिथे बसून सगळ्या वसाहतींच्या एकत्र परिषदेची हाक दिली. इमारत गेली, सभासद तेच राहिले.

१७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात राजाविरुद्ध तक्रारींची जी यादी आहे, तीत सभागृहं वारंवार विसर्जित केल्याची तक्रार आहे. तिच्या लगेच पुढची तक्रार मुलं वाचत नाहीत, आणि माझ्या मते खरी मेख तिथे आहे: विसर्जन केल्यावर राजाने बराच काळ नव्या निवडणुकाच होऊ दिल्या नाहीत.

हिंदुस्थानात गव्हर्नरला हा अधिकार कधी मिळाला?

विसर्जित करण्याजोगं काही असावं लागतं. मुंबई प्रांताचं कायदेकौन्सिल १८६२ पासून बसत होतं, पण सुरुवातीला त्यात सगळे नेमलेले. निवडून आलेल्यांचं बहुमत आलं ते १९१९ च्या भारत सरकार कायद्याने. त्या कायद्यात कौन्सिलची मुदत ३ वर्षं. गव्हर्नर ते आधीच विसर्जित करू शकत होता. विशेष परिस्थिती असेल तर मुदत वर्षभर वाढवूही शकत होता. विसर्जनानंतर मात्र ६ महिन्यांच्या आत नवं कौन्सिल बसवायचं बंधन होतं. भारतमंत्र्याची, म्हणजे लंडनमध्ये बसून हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या मंत्र्याची, परवानगी असेल तर ९ महिने.

१९२०, १९२३, १९२६ आणि १९३० साली निवडणुका झाल्या. त्यापुढची निवडणूक झाली ती थेट १९३७ साली. नवा कायदा येतोय, येतोय म्हणत जुनंच कौन्सिल लांबवत नेलं. बरखास्तीचा अधिकार सगळ्यांच्या तोंडी असतो, मुदतवाढीचा कुणी विचारत नाही.

१९३५ च्या कायद्यात नेमकं काय होतं?

कलम ६२. सभागृह बोलावणं, संस्थगित करणं आणि विधानसभा विसर्जित करणं ही तिन्ही कामं गव्हर्नरने 'स्वविवेकाने' करायची. विधानसभेची मुदत ५ वर्षं. वरिष्ठ सभागृह, म्हणजे विधान परिषद, कायम राहणारं होतं, ते विसर्जित होत नव्हतं. अधिवेशन वर्षातून निदान एकदा बोलावणं भाग होतं. 

'स्वविवेक' आणि 'वैयक्तिक निर्णय' यांत फरक काय? परीक्षेत येतं.

येतं, आणि चुकतंही. स्वविवेकाच्या बाबतीत गव्हर्नरने मंत्र्यांना विचारायचीही गरज नव्हती. वैयक्तिक निर्णयाच्या बाबतीत मंत्र्यांचा सल्ला ऐकायचा, पण शेवटी स्वत:ला पटेल तेच करायचं. आपल्याकडे म्हणतात ना, ऐकावे जनाचे, करावे मनाचे, तो हा दुसरा प्रकार. पहिल्यात जनाचं ऐकणंसुद्धा नाही. विसर्जन पहिल्या प्रकारात होतं.

वर आणखी एक खुंटी: एखादी बाब स्वविवेकात येते की नाही असा वाद निघाला, तर त्यावरही गव्हर्नरचाच निर्णय अखेरचा. वादीही तोच आणि न्यायाधीशही तोच.

मग मुंबईच्या गव्हर्नरने १९३७ ते १९४६ या काळात विधानसभा किती वेळा बरखास्त केली?

सगळ्यात आवडता प्रश्न. मुलं दोन, तीन असे आकडे सांगतात. मंत्रिमंडळाशी भांडण होऊन किंवा राजकीय पेच सोडवायला म्हणून या काळात ती एकदाही विसर्जित झाली नाही. तरीही नऊ वर्षांपैकी साडेसहा वर्षांच्या आसपास ती बंद होती. हे कसं जमलं, हे कळलं की गव्हर्नरच्या सत्तेचं मर्म कळतं. विसर्जन म्हणजे प्रश्न लोकांपुढे नेणं. ज्याला लोकांचं उत्तर आधीच ठाऊक आहे आणि नको आहे, तो विसर्जन कशाला करील? तो सभागृह बोलावतच नाही. त्याची सुरुवात साताऱ्याच्याच एका माणसापासून होते, म्हणून पुढचं उत्तर लांबणार आहे.

कूपर मंत्रिमंडळ म्हणजे आपले साताऱ्याचे कूपर?

तेच. सर धनजीशा कूपर, साताऱ्याचे उद्योजक. कूपर हे नाव इथे आजही कारखान्यामुळे सगळ्यांच्या तोंडी आहे. पण मुंबई प्रांताचे पहिले प्रधानमंत्री (तेव्हा मुख्यमंत्र्याला असंच म्हणत) साताऱ्याचे होते, हे सातारा रोड स्टेशनवर उभ्या असलेल्या दहा जणांना विचारलं तर एखाद्यालाच माहीत असतं.

झालं असं. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईच्या १७५ जागांच्या विधानसभेत काँग्रेस सगळ्यात मोठा पक्ष ठरली. पण काँग्रेसने अट घातली: गव्हर्नर आपले खास अधिकार रोजच्या कारभारात वापरणार नाही असं आश्वासन द्या, मगच मंत्रिमंडळ बनवू. गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न आश्वासन देईनात. १ एप्रिल १९३७ ला नवा कायदा लागू झाला आणि कुणीतरी सरकार चालवणं भाग होतं. ते कूपर यांना बनवायला सांगितलं. जमनादास मेहता त्या मंत्रिमंडळात होते.

बहुमत त्यांच्याकडे नव्हतं आणि हे सगळ्यांना माहीत होतं. मग ते टिकलं कसं? कायद्याने पहिलं अधिवेशन ६ महिन्यांच्या आत बोलवायचं होतं. सहा महिने म्हणजे सप्टेंबरअखेरपर्यंत मुभा! गव्हर्नरने विधानसभा बोलावलीच नाही. विधानसभा बसली नाही तर अविश्वासाचा ठराव आणायचा कुठे? निवडून आलेले सभासद गावोगावी बसून, आणि सचिवालयात त्यांच्या विश्वासाशिवाय चाललेलं सरकार. विसर्जनाची सही न करता सभागृह गप्प करायचा हा पहिला धडा.

काँग्रेस विधानसभा बोलवा म्हणून मागे लागली. जूनमध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी खुलाशाचं निवेदन काढलं, जुलैत वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीने मंत्रिपदं घ्यायला परवानगी दिली. कूपर पायउतार झाले, बाळासाहेब खेर आले. विधानसभा पहिल्यांदा बसली ती १९ जुलै १९३७ ला, पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये. म्हणजे कूपर मंत्रिमंडळाने साडेतीन महिन्यांच्या कारकिर्दीत विधानसभेचं तोंडसुद्धा पाहिलं नाही.

कूपर यांना इथे काही जण एका शब्दात निकालात काढतात. मला ते पटत नाही. खेळी गव्हर्नरची होती आणि मुभा कायद्याने दिली होती. खुर्चीत कोण बसलं, हा प्रश्न त्यानंतरचा.

कलम ९३ म्हणजे बरखास्तीच ना?

नाही. कलम ९३ म्हणजे प्रांताचा कारभार कायद्याप्रमाणे चालू शकत नाही असं जाहीर करून, गव्हर्नर-जनरलच्या संमतीने, गव्हर्नरने सगळं स्वत:कडे घेणं. मंत्र्यांचे अधिकार त्याचे, कायदेमंडळाचेही त्याचेच. कायदे तो स्वत: करणार. विधानसभा विसर्जित व्हायलाच हवी असं त्यात कुठे नव्हतं.

सप्टेंबर १९३९ मध्ये हिंदुस्थानला कुणी न विचारता महायुद्धात ओढलं. निषेध म्हणून काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबईत नोव्हेंबर १९३९ पासून गव्हर्नर सर रॉजर लमली यांची राजवट सुरू झाली, मदतीला आय.सी.एस. म्हणजे सनदी सेवेतले सल्लागार. या राजवटीला पार्लमेंटची मंजुरी लागे आणि एकूण ३ वर्षांची मर्यादाही होती, पण युद्धकाळात ती बाजूला ठेवली गेली. विधानसभेची ५ वर्षांची मुदत १९४२ मध्ये संपली असती. त्याआधीच, १९४१ साली, पार्लमेंटने कायदा करून निवडणुका पुढे ढकलल्या.

म्हणजे सभासद होते, विधानसभा कागदावर होती, पण भरत नव्हती. विसर्जन केलं असतं तर निवडणूक घ्यावी लागली असती, आणि १९४२ साली साताऱ्यात मतपेटीतून काय निघालं असतं हे लमली साहेबांना सांगायला ज्योतिषी लागला नसता.

याचा साताऱ्यातल्या सामान्य माणसाला काय फरक पडला?

फार पडला. सातारा जिल्हा तेव्हा मोठा होता. वाळवा, तासगाव, खानापूर हे आज सांगलीत असलेले तालुके त्यात होते. सप्टेंबर १९४२ मध्ये तासगाव, वडूज, इस्लामपूर इथल्या कचेऱ्यांवर मोर्चे गेले. वडूजला आणि इस्लामपूरला गोळीबार होऊन माणसं मेली.

आज असं काही झालं तर काय होतं? आमदार उभा राहतो, स्थगन प्रस्ताव येतो, गृहमंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर खोटं असलं तरी नोंदवलं जातं. १९४२ ला वडूजच्या गोळीबारावर प्रश्न विचारायला सभागृहच नव्हतं. गृहमंत्री नव्हता. कलेक्टर गव्हर्नरला जबाबदार, गव्हर्नर दिल्लीला आणि लंडनला. मधे कुठेही साताऱ्याच्या मतदाराचा संबंध नाही.

पुढच्या वर्षी, १९४३ मध्ये, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना समांतर असं लोकांचं सरकार, उभं राहिलं. गावोगाव न्यायदान मंडळं, तुफान सेना. आपण त्याच्या रोमहर्षक गोष्टी सांगतो, पत्रीच्या, धुळ्याच्या खजिन्याच्या. पण थोडं बाजूला उभं राहून पाहा: १९३९ पासून ज्या जिल्ह्याचे निवडून दिलेले प्रतिनिधी घरी किंवा तुरुंगात होते, त्या जिल्ह्याने स्वत:चंच सरकार काढलं. व्हर्जिनियाचे सभासद खाणावळीत बसले होते, आपले उसाच्या फडात. प्रतिसरकारचं हे एकमेव कारण नव्हे, जमीनदारी, सावकारी, दरोडेखोरांचा उपद्रव ही कारणं होतीच. तरी पुस्तकात कलम ९३ एका पानावर आणि प्रतिसरकार दुसऱ्या पानावर असतं, त्यामुळे मुलांना ही दोन्ही एकाच काळातली आहेत हे लक्षातच येत नाही.

युद्ध संपल्यावर १९४६ ला निवडणूक झाली, खेर परत आले आणि साताऱ्यातून निवडून गेलेल्या नव्या सभासदांत यशवंतराव चव्हाण होते.

सांगली शहरात गव्हर्नरचा हा अधिकार चालायचा का?

नाही. सांगली हे पटवर्धनांचं संस्थान होतं. मिरज, जत, औंध, फलटण हीदेखील संस्थानं. मुंबईच्या विधानसभेत तिथले मतदार नव्हते, त्यामुळे ती विसर्जित होण्या न होण्याशी त्यांचा संबंध नव्हता. ही संस्थानं ८ मार्च १९४८ ला मुंबई प्रांतात विलीन झाली.

औंधची गोष्ट वेगळीच. मुंबईची विधानसभा ज्या वर्षी बंद पडली, त्याच १९३९ साली औंधच्या राजाने, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना जाहीर केली. पाया ग्रामपंचायतींचा, सल्ला गांधीजींचा, संस्थान अवघं ७२ गावांचं. प्रतिसरकारचं कुंडल याच औंध संस्थानात होतं.

१८४८ ला साताऱ्याचं राज्य खालसा झालं, तीही बरखास्तीच?

नव्हे. ते दत्तक नामंजूर करून संस्थान गिळणं होतं, आणि ते केलं गव्हर्नर-जनरल डलहौसीने. तिथे निवडून आलेलं सभागृह नव्हतं.

मंत्रिमंडळाने स्वत:हून विसर्जन मागितलं तर गव्हर्नरला द्यावंच लागे का?

१९३५ च्या कायद्याप्रमाणे नाही. या प्रश्नावर कॅनडात १९२६ साली मोठं रण माजलं होतं. प्रधानमंत्री मॅकेन्झी किंग यांनी विसर्जन मागितलं, गव्हर्नर-जनरल लॉर्ड बिंग यांनी नाकारलं आणि विरोधी नेते मीगन यांना सरकार दिलं. ते काही दिवसांतच सभागृहात पडलं. मग बिंगना त्यांच्यासाठी विसर्जन द्यावंच लागलं, आणि निवडणुकीत किंग जिंकले. गव्हर्नरांच्या जमातीला हा किस्सा बराच काळ आठवत राहिला असणार.

हिंदुस्थानात गव्हर्नरने विसर्जनाचा डाव म्हणून वापर केल्याचं एकही उदाहरण नाही?

आहे, आणि शेजारचंच. सिंध १९३६ पर्यंत आपल्याच मुंबई इलाख्यात होता. १९४६ च्या सुरुवातीच्या निवडणुकीनंतर तिथे मुस्लिम लीगचं हिदायतुल्ला मंत्रिमंडळ आणि विरोधक यांचं बळ जवळजवळ समसमान झालं. विरोधी बाजूला काँग्रेस आणि लीगमधून फुटलेले जी. एम. सय्यद. गव्हर्नर फ्रान्सिस मूडी यांनी विरोधकांना सरकार बनवायची संधी न देता विधानसभा विसर्जित केली. त्याच डिसेंबरात पुन्हा निवडणूक झाली आणि लीगला स्पष्ट बहुमत मिळालं. एका वर्षात दोन निवडणुका!

मुंबईत लोकांचं उत्तर नको होतं म्हणून विसर्जन टाळलं, सिंधमध्ये नवं उत्तर हवं होतं म्हणून केलं. स्वविवेक म्हणतात तो हा.

विसर्जनानंतर अर्धवट राहिलेल्या विधेयकांचं काय व्हायचं?

विधानसभेपुढे असलेली, किंवा तिथे मंजूर होऊन परिषदेत अडकलेली, विधेयकं रद्द. जी फक्त परिषदेपुढे आहेत आणि विधानसभेत आलेलीच नाहीत, ती जिवंत. आज राज्यघटनेच्या अनुच्छेद १९६ मध्ये जवळपास हेच आहे.

ब्रिटिश गयानाचं १९५३ चं प्रकरण यात धरायचं का?

दक्षिण अमेरिकेतल्या या ब्रिटिश वसाहतीचं प्रकरण बाजूचं म्हणून धरा. छेदी जगन यांचा पक्ष निवडून आला, १३३ दिवसांत लंडनने राज्यघटनाच स्थगित केली आणि सैन्य पाठवलं. सभागृह विसर्जित करण्याऐवजी ते ज्यावर उभं होतं ती जमीनच काढून घेतली.

स्वातंत्र्यानंतर राज्यपालाकडे हा अधिकार तसाच राहिला?

अनुच्छेद १७४ वाचलात तर शब्द ओळखीचे वाटतील: राज्यपाल विधानसभा विसर्जित करू शकेल. 'स्वविवेकाने' हा शब्द मात्र गेला. १९४७ ला जुन्या कायद्यात फेरफार करतानाच तो काढला होता आणि कलम ९३ सुद्धा. पण गंमत अशी की घटनेच्या मसुद्यात तो परत आला होता: बोलावणं आणि विसर्जन राज्यपालाने स्वविवेकाने करावं असं एक पोटकलम होतं. जून १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी ते वगळायला लावलं. २०१६ च्या अरुणाचल प्रदेश प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमका याच वगळण्यावर बोट ठेवलं आणि राज्यपालाला मंत्रिमंडळाच्या सल्ल्याशिवाय अधिवेशन मागेपुढे करता येणार नाही असं ठरवलं.

कलम ९३ चा वंश मात्र अनुच्छेद ३५६ मध्ये, म्हणजे राष्ट्रपती राजवटीत, चालू राहिला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालाने त्याला वेसण घातली: संसदेची मंजुरी येईपर्यंत विधानसभा विसर्जित करायची नाही, फार तर निलंबित ठेवायची. आपण हे पाहिलंय. नोव्हेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट आली तेव्हा नुकतीच निवडून आलेली विधानसभा निलंबित होती, आणि अकरा दिवसांनी पहाटे राजवट उठलीसुद्धा.

जिल्हा परिषदेवर प्रशासक बसतो, तो याचाच प्रकार का?

कायदा वेगळा, पण प्रश्न चुकीचा नाही. मार्च २०२२ मध्ये सातारा आणि सांगली जिल्हा परिषदांची मुदत संपली. निवडणूक वेळेवर झाली नाही आणि कारभार प्रशासकांकडे गेला. कुणी काही बरखास्त केलं नव्हतं. गेल्या वर्षी वर्गात खटावच्या एका मुलीने विचारलं, "सर, मग आमच्या गटाचा सदस्य कोण?" मी तिला कूपर मंत्रिमंडळाचं उत्तर पुन्हा वाचायला सांगितलं.